चाक निघतं, हब निघत नाही

मंडळी, आजचा विषय जरा तेलकट आहे. वीकेंडला हात काळे करायची हौस नसेल तर नुसतं वाचा, पण वाचा नक्की. विषय आहे जुन्या जीपच्या मागच्या चाकाचा हब. चाक नव्हे हं! चाक काढणं सोपं आहे. जॅक लावला, पाच नट काढले की चाक हातात येतं, पंक्चरवाल्याचं पोरगंसुद्धा पाच मिनिटांत काढतं. त्या चाकाच्या मागे, एक्सलच्या टोकावर जो जाडजूड लोखंडी तुकडा बसलेला असतो, ज्यावर चाक बोल्टने बसतं, तो हब. जुन्या जीपचा मागचा हब काढायचा म्हटलं की भलेभले मिस्त्री आधी एक चहा मागवतात. स्प्लिट पिन काढली, मोठा नट काढला, आता अडवणारं समोर काहीच दिसत नाही, तरी हब जागचा हलत नाही.

का हलत नाही? मी शोधत गेलो आणि बैलगाडीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जाऊन परत नाशकात आलो. नाशिककराला जीपचं कौतुक वेगळं सांगायला नकोच. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून २००० साली आलेली बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ, २००७ ची लोगान अशा गाड्या बाहेर पडल्या आणि आमच्या कॉलनीत दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी 'महिंद्रात' असायचं. पण या सगळ्या गाड्यांची आजी म्हणजे जीप. आजच्या गोष्टीतली खलनायिका (की नायिका? ते शेवटी ठरवू) तीच.

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीचा आस फिरत नाही. तो गाडीला घट्ट बांधलेला असतो आणि चाक त्याच्यावर सैल फिरतं. बाहेर निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला एक खीळ, आणि मधे वंगण. म्हणजे इथे चाक आणि आस यांचं नातं मुद्दाम सैल ठेवलेलं आहे. खीळ काढली की चाक ओढून काढता येतं. कारण बैलगाडीत जोर चाकातून येतच नाही, तो बैलांच्या मानेवरून येतो. चाकाचं काम फक्त मागोमाग गडगडत जायचं.

पण मोटारीत इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचवायचा असतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो डिफरन्शियलमधून दोन बाजूंच्या शाफ्टना आणि शाफ्टकडून चाकांना जातो. इथे आसच फिरतो आणि चाकाला त्याच्याबरोबर फिरायलाच लागतं. सैल बसवून चालणारच नाही. मग फिरणाऱ्या दांड्यावर चाक पक्कं बसवायचं कसं, आणि पुढे कधीतरी काढता येईल असं पक्कं कसं बसवायचं? मोटारीच्या इतिहासातला हा एक छोटासा पण फार चिवट प्रश्न आहे.

रेल्वेने यातला दुसरा अर्धा प्रश्न जवळजवळ सोडूनच दिला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली तेव्हापासून आजपर्यंत रेल्वेची दोन चाकं आणि आस एकत्रच फिरतात. चाकाचं भोक आसापेक्षा किंचित लहान ठेवायचं आणि प्रचंड दाबाच्या प्रेसवर ते आसावर चढवायचं. ना बोल्ट, ना चावी, नुसतं घर्षण. बंगळुरूजवळ येलहंक्याला १९८४ साली सुरू झालेल्या रेल्वेच्या चाक आणि आसाच्या कारखान्यात हीच पद्धत आहे. चाक काढायचं तर परत तसाच प्रेस हवा. रेल्वेला ते परवडतं, कारण तिच्याकडे वर्कशॉप आहेत. सिन्नरच्या शेतात बंद पडलेल्या गाडीला ते कसं परवडणार?

मग मोटारवाल्यांनी जुनीच एक युक्ती उचलली. शाफ्टचं टोक सरळ न ठेवता निमुळतं करायचं, हबचं भोकही तसंच निमुळतं करायचं, आणि टोकाला नट आवळून हब त्या निमुळत्यावर दाबून बसवायचा. यालाच टेपर म्हणतात. टेपरची करामत बघायला गॅरेजमध्ये जायची गरज नाही. स्टीलचे दोन पेले एकात एक अडकतात ना, तेच हे! घासून झाल्यावर घाईत एकात एक घातले की संध्याकाळी पाहुण्यांसमोर निघत नाहीत. मग आई आतल्या पेल्यात गार पाणी ओतते, बाहेरचा पेला गरम पाण्यात धरते आणि पेले सुटे होतात. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

टेपरचा उतार पुरेसा कमी असला की तो स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. अमेरिकेत स्टीफन मोर्सने १८६० च्या दशकात ड्रिलसाठी असाच टेपर रूढ केला. अंबडच्या कुठल्याही वर्कशॉपात ड्रिल मशीनपाशी उभे राहा, ड्रिलचा मागचा भाग मशीनमध्ये नुसता ठोकून बसवलेला दिसेल आणि काढताना खाचेत पाचर घालून हातोडीचा टोला. मोटारीच्या एक्सलचा टेपर याहून जरा उभा असतो. साधारण आठास एक, म्हणजे आठ मिलिमीटर पुढे गेलं की व्यासात एक मिलिमीटर फरक. बरोबर एक छोटी चौकोनी चावी असते, शाफ्टच्या आणि हबच्या खाचेत बसणारी. पुष्कळ जणांना वाटतं की चाक त्या चावीमुळे फिरतं. तसं नाही. खरा भार टेपरवरचं घर्षण उचलतं, चावी नुसती राखणदार. नट ढिला राहिला आणि सगळा भार चावीवर आला की ती कधी ना कधी कापली जाते. मग इंजिन फिरतं, शाफ्ट फिरतो आणि चाक आपल्या जागी स्वस्थ!

आता जीपकडे येऊ. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीची मागणी काढली आणि नमुन्यासाठी मुदत दिली ४९ दिवस. (आपल्या डेडलाइनच्या तक्रारी करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) बँटम नावाच्या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला धरून सप्टेंबरात गाडी हजर केली. पुढे मोठी कामं विलीज आणि फोर्डला मिळाली आणि युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या.

या युद्धातल्या जीपचा, म्हणजे विलीज एमबीचा, मागचा एक्सल बघण्यासारखा आहे. त्याला फुल-फ्लोटिंग म्हणतात. गाडीचं वजन शाफ्टवर नसतंच. हब बाहेरच्या नळीवर दोन बेअरिंगांवर फिरतो, जवळजवळ बैलगाडीच्या चाकासारखा, आणि शाफ्ट फक्त जोर पोचवतो. शाफ्टच्या टोकाची चकती सहा बोल्टने हबला जोडलेली. सहा बोल्ट काढा, शाफ्ट तलवारीसारखा बाहेर ओढा. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं आणि पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी छावणीपर्यंत येते. रणांगणावर साध्या पान्याने दुरुस्त होईल अशी ही रचना. भाग जास्त, खर्च जास्त, पण खर्च सरकारचा आणि वेळ सैनिकाचा होता.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि विलीजने तीच गाडी शेतकऱ्याला विकायला काढली, सीजे-२ए या नावाने. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना युद्धातलाच मागचा एक्सल होता. पण थोड्याच काळात तो बदलला आणि त्या जागी सेमी-फ्लोटिंग एक्सल आला. यात शाफ्टच वजनही पेलतो आणि जोरही पोचवतो, आणि त्याच्या निमुळत्या टोकावर हब दाबून बसवलेला. बेअरिंग कमी, भाग कमी, वजन कमी, म्हणून कारखान्यात स्वस्त. वाईट रचना म्हणता येणार नाही, हा एक्सल मजबूत होता. फक्त एक गोष्ट बदलली. सहा बोल्ट आणि एका पान्याचं काम आता पुलर नावाच्या अवजड हत्यारावर गेलं. त्यात ब्रेकचा ड्रम हबलाच जोडलेला, म्हणजे मागचा ब्रेक नुसता उघडून बघायचा तरी आधी हब काढा.

आपण कोडमध्ये हेच करतो ना? रिलीजच्या घाईत काहीतरी सोपं बसवून टाकायचं आणि त्याचा त्रास दहा वर्षांनी सपोर्टमध्ये बसलेल्या कोणाला तरी. कारखान्याने वाचवलेले पैसे कुठे गेले नाहीत, ते गॅरेजच्या बिलात जाऊन बसले.

आपल्याकडे जीप आली ती याच सुमारास. महिंद्रा अँड मोहम्मद ही १९४५ साली सुरू झालेली, मूळची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले (तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले) आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४९ मध्ये विलीजच्या ७५ जीप सुट्या भागांत आल्या आणि मुंबईत माझगावला जोडल्या गेल्या. नंतर परवाना घेऊन इथेच उत्पादन सुरू झालं. अमेरिकेत १९५३ साली आलेली उंच बॉनेटची सीजे-३बी तिथे १९६८ ला बंद झाली, पण आपल्याकडे तिचे अवतार पुढे कित्येक दशकं बनत राहिले. पोलीस, पाटबंधारे, वनखातं, साखर कारखाने, सगळीकडे तीच. आणि तिच्याबरोबर तो निमुळता एक्सलही आला. म्हणजे अमेरिकेतल्या शेतकऱ्यासाठी काढलेल्या काटकसरीची किंमत देवळालीपासून दिंडोरीपर्यंतचे मिस्त्री पन्नास वर्षं मोजत राहिले.

हे नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून एक ताजं उदाहरण. माझ्या एका मित्राकडे त्याच्या आजोबांची सीजे-३बी आहे. नोंदणीची मुदत संपत आलेली, पुनर्नोंदणीसाठी ब्रेक तपासून घ्यायचे होते आणि उजवं मागचं चाक ब्रेकच धरत नव्हतं. आतल्या सीलमधून एक्सलचं तेल झिरपून ब्रेक शूवर आलेलं. उतारावर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला खेचायची. अशी गाडी कसारा घाटात नेणं म्हणजे आत्महत्याच. हब निघाला तर गाडी राहणार, नाहीतर भंगारवाला तयारच होता. एका गॅरेजवाल्याने दोन तास ठोकाठोक करून "गॅसने कापून टाकू, नवीन हब टाकू" असा सल्ला दिला. मित्र जवळजवळ हो म्हणाला होता. मग कोणीतरी आग्रा रोडला एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांनी आधी हबकडे बघितलंच नाही, शाफ्टच्या टोकाकडे बघितलं. "टोकावर घण मारलाय ना कोणीतरी?" मग आम्हाला म्हणाले, "भाऊ, हब बाजारात मिळतो. शाफ्टचा उतार खरवडला ना, तर नवा हबपण नीट बसत नाही. मग रस्त्यात चावी कापते. मग बोंबला." कापायला नकार देण्यामागे हे कारण होतं. शिवाय शाफ्टच्या टोकावर घण मारला तर आटे तर जातातच, पण तो धक्का आत डिफरन्शियलमधून सरळ पलीकडच्या शाफ्टच्या बेअरिंगला बसतो. डाव्या चाकाचं बेअरिंग उजव्या चाकावरच्या घणाने खराब!

मी घरी येऊन थोडं गणित केलं. नट २०० न्यूटन-मीटरने आवळला आणि आटे १९ मिलिमीटरचे धरले, तर हब टेपरवर साधारण सव्वापाच टनांच्या जोराने दाबला जातो. आठास एक उतार आणि घर्षणांक ०.१५ धरला तर बाहेर ओढायला त्याच्या ४० टक्के, म्हणजे दोन टनांच्या वर जोर लागतो. हे झालं नव्या, स्वच्छ हबचं. त्यात चाळीस पावसाळ्यांचा गंज धरा, आकडा कुठल्या कुठे जातो. दोन तास हातोडा मारून काय होणार?

मामांची पद्धत अशी. पहिली गोष्ट, नट पूर्ण काढायचाच नाही. दोन आटे ढिला करून तसाच ठेवायचा. कारण एवढा ताण धरून बसलेला हब सुटतो तेव्हा हळूच सुटत नाही, उडतो. समोर कोणाची नडगी असली तर गेली. मग गंज सोडवणारं तेल टेपरच्या कडेला आणि चावीच्या खाचेत, आणि एक रात्र विश्रांती. दुसऱ्या दिवशी पुलर. चाकाच्या बोल्टांवर पक्का बसणारा जाड पुलर, दोन-तीन पायांचा बाजारू नव्हे. त्याचा मधला स्क्रू आवळायचा, त्याच्या डोक्यावर एक टोला, पुन्हा पाव फेरा, पुन्हा टोला. मग थांबायचं. ताण तसाच ठेवून चहा घ्यायचा. (हा चहा पद्धतीचा भाग आहे, आळस नाही. तेल आत शिरायला वेळ मिळतो.) जुन्या ब्रेकची धूळ मात्र फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या शूंमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

तरीही नाही सुटला तर आग. पण आग हबला द्यायची, शाफ्टला नाही. बाहेरचा पेला गरम, आतला गार! पोलाद तापलं की दर अंशाला लाखात सव्वा भाग वाढतं. ३५ मिलिमीटरचं भोक शाफ्टपेक्षा दीडशे अंशांनी जास्त तापवलं तर साठ मायक्रॉनांनी मोठं होतं. केसाच्या जाडीएवढं, पण गंजाची पकड मोडायला पुष्कळ. आग दिल्यावर आतलं सील खलास होतं, पण ते तसंही बदलायचंच होतं.

ही आगीची युक्ती तरी नवी कुठे आहे? गावात चाकाला धाव चढवताना कधी पाहिलंय? लोखंडी धाव लाकडी चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. दीड मीटर व्यासाची धाव पाचशे अंश तापली की व्यासात नऊ मिलिमीटर वाढते. गार होताना ती आरे आणि तुंबा असे आवळून धरते की वर्षानुवर्षं चाक खिळखिळं होत नाही. लोहार बसवायला जे करतो, तेच मामा काढायला करत होते.

आग एकदा देऊन झाली. पुलरवर ताण ठेवून मामा हात पुसत होते आणि बंदुकीची गोळी सुटावी तसा 'फाट्' आवाज झाला. हब नटावर येऊन आदळला होता. कोणी हात लावलेला नव्हता. आतली चावी बघितली, ती शाबूत होती. शाफ्टचा उतार काळपट पण गुळगुळीत. म्हणजे जो कोणी मिस्त्री आजोबांच्या काळात शेवटचा या चाकापाशी बसला होता, त्याने काम चोख केलं होतं. इतकं चोख, की सुटायला दोन शनिवार लागले.

परत बसवताना मामांचे तीन नियम. टेपर स्वच्छ आणि कोरडा हवा, ग्रीस लावायचं नाही, कारण सगळा खेळ घर्षणाचा आहे. नट पूर्ण जोराने आवळायचा, आणि पिनेचं भोक जुळत नसेल तर नट मागे आणायचा नाही, अजून पुढे न्यायचा. आणि थोडी गाडी चालवून परत एकदा आवळायचा.

हा ताप फक्त जीपवाल्यांच्याच नशिबी नव्हता. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून हेराल्ड बनवली, मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिचे मागचे हबही असेच टेपर आणि चावीवाले, आणि इंग्लंडात त्यांच्यासाठी कंपनीचा खास पुलर लागायचा. अमेरिकेत जीपने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहाणपण दाखवून शाफ्ट आणि चकती एकाच तुकड्यात घडवलेला एक्सल घेतला. म्हणजे हब नावाचा वेगळा भागच नाही! आणि मग १९७६ मध्ये एक्सल बदलला तेव्हा त्याच गाड्यांना परत दोन तुकड्यांचा, दाबून बसवलेल्या हबचा एक्सल आला. हब शाफ्टवर घसरून फिरण्याबद्दल तो पुढे चांगलाच बदनाम झाला. एकदा सुटलेला बग परत आणणं ही काही आपल्याच धंद्याची मक्तेदारी नाही.

शेवटी टेपर हरला तो पुढच्या चाकांमुळे. १९८३ ची मारुती ८०० असो की सातपूरची लोगान, इंजिनाचा जोर पुढे गेला आणि मागच्या चाकाला पुन्हा बैलगाडीचंच काम उरलं, न फिरणाऱ्या आसावर बेअरिंगवरून गडगडत जायचं. तिथेही ड्रम गंजून जाम होतो, पण ते वेगळं आणि सोपं दुखणं. आता तर पुष्कळ गाड्यांत हब आणि बेअरिंग एकच सीलबंद डबा असतो. खराब झाला की चार बोल्ट काढून फेकायचा, नवा लावायचा. मेकॅनिकला घर्षण कळायची गरज नाही, पार्ट नंबर कळला की झालं. काम लवकर होतं हे खरं, आणि मला त्याची तक्रार नाही. पण त्या डब्याची किंमत बघितली की कळतं, बिल अजून आपल्याच नावावर आहे. फक्त आता ते मामांच्या मजुरीऐवजी पार्टच्या रकान्यात लिहिलेलं असतं.

तर नायिका की खलनायिका? मला विचाराल तर, जो हब चाळीस वर्षं घाट चढला-उतरला आणि एकदाही सैल झाला नाही, त्याला मी तरी खलनायक म्हणणार नाही. तुमच्याकडे अशी जुनी जीप असेल तर कापायच्या आधी एक रात्र तेलात राहू द्या, आणि नट मात्र पूर्ण काढू नका.